जखमी श्वानाची शुश्रूषा व पुनर्वसन : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

मानव व प्राणी यांच्या संबंधांचा इतिहास आपल्याकडे बहुधा गाय-बैल, घोडा आणि हत्ती यांच्याभोवती लिहिला गेला आहे. हे प्राणी दानात दिले जात, युद्धात वापरले जात, त्यांच्यावर कर बसत असे. म्हणून ते कागदावर आणि दगडावर आले. जुन्नर तालुक्यातील नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा जो प्रसिद्ध लेख आहे, त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या दक्षिणेची जंत्रीच आहे. गाई, घोडे, हत्ती, गावे, कार्षापण अशी ती यादी लांबत जाते. त्या यादीत कुत्रे नाही, आणि असण्याचे कारणही नव्हते. घाटातून जाणाऱ्या तांड्यांच्या मागेपुढे कुत्री चालत असणारच, पण दान देण्याजोगी ती मालमत्ता नव्हती. मालमत्ता नसलेल्या प्राण्याची नोंद होत नाही, आणि त्याच्या जखमेची तर नाहीच नाही.

प्रस्तुत लेखात जबर जखमी झालेल्या कुत्र्याला घरी ठेवून त्याची शुश्रूषा करणे व त्याला पुन्हा उभे करणे या वरवर खाजगी वाटणाऱ्या कृतीचा विचार इतिहासाच्या अंगाने करावयाचा आहे. त्यासाठी जुन्नर व आंबेगाव हे तालुके निवडण्याचे कारण असे की, जखमी बिबट्यासाठी स्वतंत्र निवारा केंद्र असलेला हा महाराष्ट्रातील सुपरिचित प्रदेश आहे; आणि ज्या प्राण्यावर तो बिबट्या बव्हंशी जगतो, त्या कुत्र्याच्या जखमेची जबाबदारी मात्र येथे कोणत्याच खात्याकडे स्पष्टपणे नाही. ही विसंगती कशी निर्माण झाली, हा या लेखाचा विषय होय.

करुणा होती, व्यवस्था नव्हती

भारतीय परंपरेत जखमी कुत्र्याविषयी आस्था नव्हती असे म्हणता येणार नाही. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या सत्रात आलेल्या सरमापुत्राला राजाचे भाऊ मारहाण करतात, तो रडत आईकडे जातो आणि निरपराध पोराला का मारले, असा जाब सरमा राजाला विचारते. अखेरीस महाप्रस्थानिक पर्वात धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्यास नकार देतो. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दोन्ही टोकांना कुत्रे आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. मराठी संतपरंपरेत पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आणि तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला कावडीतील गंगोदक पाजणारे एकनाथ घरोघरी माहीत आहेत. खंडोबाच्या उपासनेत तर भक्त स्वतःला देवाचे कुत्रे समजून ‘वाघ्या’ म्हणवितो.

तथापि या कथांतील करुणा ही एका क्षणाची कृती आहे. गाढवाला पाणी मिळाले. पुढे त्याचे काय झाले, हे कथा सांगत नाही. कर्नाटकातील आतकूर येथे राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातील, इ. स. ९४९-५० चा एक शिलालेख आहे. ‘काळी’ नावाची शिकारी कुत्री रानडुकराशी झुंजताना मरण पावली, तिच्या स्मरणार्थ तो उभारला गेला. हा लेख अपूर्वच म्हटला पाहिजे. पण तोही मेलेल्या कुत्रीचा आहे. झुंजीत जखमी होऊन महिनाभर कोणाच्या तरी ओसरीवर पडून राहिलेले आणि पुढे लंगडत का होईना चालू लागलेले कुत्रे इतिहासाच्या साधनांत जवळजवळ सापडत नाही. ते वाचले, म्हणून त्याची नोंद झाली नाही.

अशोकाच्या गिरनार येथील दुसऱ्या शिलालेखात मनुष्यचिकित्सा व पशुचिकित्सा अशी दोन्हींची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे, तो सर्वश्रुत आहे. मात्र प्राण्यांसाठी कायमस्वरूपी आश्रयस्थान या कल्पनेचा पश्चिम भारतातील विकास मुख्यतः पांजरापोळांच्या रूपाने झाला. या संदर्भात मुंबईतील घटना उद्बोधक आहे. १८३२ च्या जून महिन्यात मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध मुंबईत पारशी समाजाने उठाव केला. कुत्र्याला पारशी धर्माचारात पवित्र स्थान असल्याने हा रोष तीव्र होता. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई व गुजराती-जैन व्यापारी यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरापोळ स्थापन झाले. रस्त्यावरच्या कुत्र्याने घडवून आणलेली एकोणिसाव्या शतकातील ही बहुधा सर्वांत महत्त्वाची संस्था असावी.

पांजरापोळाचा हेतू आश्रय हा होता. प्राण्याने तेथे यावे आणि मरेपर्यंत राहावे. उपचार करून प्राणी परत पाठविण्याची कल्पना त्यानंतरची. मुंबईत १८७४ साली प्राणिक्लेश निवारण संस्था स्थापन झाली, पुढील दशकात परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. या संस्थांचे प्रमुख रुग्ण घोडे व बैल हेच होते, कारण शहराची वाहतूक त्यांच्यावर चालत होती. घाट चढून जुन्नरपर्यंत पशुवैद्यक आला तोही प्रामुख्याने बैलांच्या साथरोगांसाठी. आजही तालुक्यातील श्रेणी-१ व श्रेणी-२ पशुवैद्यकीय दवाखान्यांचा बहुतेक वेळ दुभत्या जनावरांत जातो, आणि दूध हा येथील कुटुंबांचा आधार असल्यामुळे त्यात गैर काही नाही.

कायद्याने ठरविलेली किंमत

कुत्र्याच्या दर्जाचा सर्वांत स्पष्ट पुरावा फौजदारी कायद्यात मिळतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ४२८ नुसार दहा रुपये वा अधिक किमतीच्या प्राण्याला ठार मारणे अथवा पंगू करणे हा गुन्हा होता. कलम ४२९ मध्ये हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, गाय-बैल हे किमतीचा विचार न करता आणि इतर प्राणी पन्नास रुपये किमतीचे असल्यास संरक्षित होते व शिक्षाही अधिक होती. म्हणजे गावठी कुत्र्याचा पाय कुऱ्हाडीने तोडला गेला, तर प्रथम त्या कुत्र्याची किंमत दहा रुपये होती काय, हा प्रश्न उपस्थित होऊ शकत होता. किमतीची ही अट १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये गेली. सुमारे दीडशे वर्षांहून अधिक काळ ती टिकून होती! प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १८९० व पुन्हा १९६० साली झाला. पण १९६० च्या कायद्यातील पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये एवढाच आहे.

बिबट्याची गोष्ट निराळी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पहिल्या अनुसूचीत आला. तो राज्याचा प्राणी झाला आणि त्याची जखम ही शासनाची जबाबदारी झाली. गाय-बैल शेतकऱ्याचे, बिबट्याने ते मारले तर पंचनामा होतो व नुकसानभरपाई मिळते. त्या भरपाईच्या तरतुदीत गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी यांची नावे येतात, राखणीच्या कुत्र्याचे येत नाही. राज्याचा प्राणी आणि मालकाचा प्राणी या दोन खान्यांच्या मधल्या फटीत कुत्रे पडले आहे.

ऊस, बिबट्या आणि कुत्रे

जुन्नर-आंबेगावचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या डोंगररांगांचा. तेथील महादेव कोळी समाजात आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे इतरत्र वसुबारस असते त्याच दिवशी, वाघबारस पाळली जाते व वाघोबाची पूजा होते. वाघाशी शेजार ही तेथे नवी गोष्ट नव्हे. पूर्व भागात मात्र चित्र पालटले ते कुकडी प्रकल्पाने. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांच्या पाण्याने कोरडवाहू रान उसाखाली आले. विघ्नहर व भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने त्यातूनच वाढले. दहा-बारा महिने उभा राहणारा दाट ऊस, जवळ पाणी आणि वस्त्यांवर कुत्री-शेळ्या, एवढे मिळाल्यावर बिबट्याला जंगलाची गरज उरली नाही. त्याची मादी उसातच विते.

जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यातील एका शास्त्रीय अभ्यासात, जो २०१४ साली प्रसिद्ध झाला, बिबट्याच्या विष्ठेच्या परीक्षणावरून असे दिसून आले की, त्याच्या आहारातील जैवभारापैकी ८७ टक्के वाटा पाळीव व मानवी वस्तीतील प्राण्यांचा आणि त्यातील एकट्या कुत्र्याचा ३९ टक्के होता. शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या कितीतरी पट असूनही त्यांचा वाटा ११ टक्के एवढाच होता. शेळी रात्री गोठ्यात कोंडली जाते, कुत्रे अंगणात मोकळे राहते. राखणीचे काम करणारे कुत्रे शेळीच्या वाट्याचे मरण घेते, असाच याचा अर्थ होतो.

धनगर मेंढपाळांनी यावर फार पूर्वी उपाय काढला होता, तो म्हणजे कुत्र्याच्या गळ्यातील खिळ्यांचा पट्टा. बिबट्या मान धरतो. पट्टा असेल तर दात आत रुतत नाहीत. पट्टा नसताना वाचलेल्या कुत्र्याची जखम फसवी असते. बाहेरून सुळ्यांची दोन-चार छिद्रे दिसतात, पण आत कातडी व स्नायू सुटून पोकळी झालेली असते. ती छिद्रे वरून शिवून टाकली तर आत पू साचतो. म्हणून जखम भरपूर मिठाच्या निर्जंतुक पाण्याने धुऊन निचऱ्यासाठी उघडी ठेवावी लागते. उपचारास दिवस-दोन दिवस उशीर झाला, तर माश्या बसून अळ्या पडतात. पुणे-नाशिक महामार्गावर वाहनाखाली सापडलेल्या कुत्र्यांचे दुखणे वेगळे. त्यांत मांडीचे हाड, कटीचे हाड किंवा पाठीचा कणा मोडलेला असतो.

कण्याच्या बाबतीत पशुवैद्यकाची एक साधी परीक्षा असते. मागच्या पायाचे बोट चिमट्यात घट्ट दाबायचे. पाय नुसता आखडला, तर ती केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. कुत्र्याने मान वळवून पाहिले किंवा ते कण्हले, तर वेदना मेंदूपर्यंत पोहोचते आहे आणि आशा आहे. पुढच्या कित्येक आठवड्यांचा निर्णय या एका मान वळविण्यावर ठरतो. त्यानंतरचे काम वैद्याचे राहत नाही, ते घराचे होते. कटीचे हाड मोडलेल्या कुत्र्याला चार-सहा आठवडे अरुंद जागेत, घसरणार नाही अशा गोणपाटावर ठेवणे. मागचा भाग लुळा असेल तर दर काही तासांनी कूस बदलणे, म्हणजे हाडांच्या उंचवट्यावर व्रण पडत नाहीत. मूत्राशय दिवसातून तीन-चार वेळा हाताने दाबून रिकामे करणे. पाय वाकवून-सरळ करून सांधे मोकळे ठेवणे. नुसत्या दूध-भाकरीवर जखम भरत नाही, अंडी लागतात. वेदनेने कुत्रे आपल्या माणसालाही चावते, म्हणून हाताळण्यापूर्वी मऊ कापडाचे मुसके बांधावे लागते. चावा वा लाळेचा संपर्क झाल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ रेबीजची लस घ्यावी लागते. तीन पायांवर कुत्रे उत्तम पळते, हे मात्र पाहिल्याशिवाय पटत नाही.

या कामाला पगार नाही, त्याचा अहवाल नाही. संशोधकाच्या दृष्टीने हेच अडचणीचे आहे. पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टसारख्या संस्था मोकाट कुत्र्यांवर आणि वन्यप्राण्यांवरही उपचार करतात. पण ओतूरच्या वस्तीवरून मोडक्या पाठीचे कुत्रे तेथवर नेणे हाच एक मोठा उपचार ठरतो.

माणिकडोहचा धडा

२००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात बिबट्यांच्या हल्ल्यांनी हाहाकार उडाला. तत्पूर्वीपासून शेळ्या-कुत्री मारणारे बिबटे पकडून दूर जंगलात सोडण्याचे धोरण मोठ्या प्रमाणावर राबविले जात होते. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने धक्कादायक निष्कर्ष पुढे आणला. पकडलेले बिबटे सरासरी ३९.५ किलोमीटर अंतरावर सोडले गेले होते. आणि हा कार्यक्रम सुरू झाल्यानंतर माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. हल्ले सोडण्याच्या ठिकाणांभोवती एकवटले होते. अनोळखी प्रदेशात टाकलेला, पिंजऱ्याने बिथरलेला प्राणी अधिक घातक ठरतो, हे त्यातून सूचित झाले. पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीतून काढलेल्या ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याला २००९ मध्ये गळपट्टा लावून माळशेज घाटात सोडले, तेव्हा तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे गेला आणि २०११ साली वाहनाखाली मेला.

याच काळात जुन्नरजवळ माणिकडोह येथे वनविभागाचे बिबट्या निवारा केंद्र आकारास आले व पुढे वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था त्यात सहभागी झाली. विहिरीत पडलेले, फासकीत अडकलेले, पिंजऱ्याच्या गजांवर दात मोडून घेतलेले बिबटे तेथे आले. सुळे गेलेला बिबट्या पुन्हा सोडता येत नाही. तो तेथेच म्हातारा होतो. त्या अर्थाने माणिकडोह हे अंशतः पांजरापोळच आहे, आणि तसे म्हणण्यात त्या कामाचा अधिक्षेप नाही. परंतु तेथील सर्वांत यशस्वी काम निराळे. ऊसतोडीत सापडलेला बछडा तपासून, गोचिडी काढून, त्याच्या कातडीखाली ओळखचिप बसवून त्याच संध्याकाळी त्याच शेतात ठेवायचा आणि त्याची आई येऊन त्याला घेऊन जाईपर्यंत दूर थांबायचे. येथे पुनर्वसन म्हणजे माणसाच्या हातातील कमीत कमी तास, आणि तीच जागा.

‘पुनर्वसन’ या शब्दाला या तालुक्यांत आणखी एक इतिहास आहे. ज्या गावाच्या नावाने आंबेगाव तालुका ओळखला जातो, ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचे कायदे १९७६, १९८६ व १९९९ मध्ये झाले. घर मिळाले म्हणजे वस्ती झाली असे नव्हे, हे येथील माणसांना कायद्याच्या भाषेपेक्षा चांगले ठाऊक आहे. तो शब्द प्राण्यांसाठी वापरताना हा अनुभव विसरून चालणार नाही.

तीच जागा

कुत्र्यांच्या बाबतीत हेच तत्त्व २००१ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत स्वीकारले गेले होते. मोकाट कुत्रे पकडावे, निर्बीजीकरण व लसीकरण करावे आणि जेथून उचलले तेथेच सोडावे. २०२३ च्या नियमांनी ते कायम ठेवले. बिबट्याविषयी जे ज्ञान हल्ल्यांची किंमत देऊन जुन्नरला मिळाले, ते कुत्र्याच्या नियमात त्याच सुमारास लिहिलेले होते, ही बाब आजवर एकत्र मांडली गेलेली दिसत नाही.

२०२५ साली दोन्हीकडे वारे फिरले. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता इतरांना त्याच परिसरात सोडण्याचे तत्त्व मान्य केले. मात्र ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शैक्षणिक संस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके येथील कुत्री निवारागृहात हलवावीत व पुन्हा तेथे सोडू नयेत, असे सांगितले. त्याच ऑक्टोबर-नोव्हेंबरात जुन्नर वनविभागातील शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसे मृत्युमुखी पडली. लोकांचा संताप अनावर झाला आणि तो समजण्यासारखा होता. ज्याचे मूल गेले, त्याला स्थलांतराचे शास्त्र सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. त्यानंतर जुन्नरमधील मोजक्या बिबट्यांवर प्रायोगिक निर्बीजीकरणास केंद्राची मान्यता मिळाली. कुत्र्यासाठी घडविलेला उपाय आता बिबट्याकडे निघाला आहे. पिंपरखेडचे ग्रामस्थ शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागल्याची छायाचित्रे त्याच महिन्यात देशभर प्रसिद्ध झाली. मेंढपाळाने आपल्या कुत्र्यासाठी केलेली वस्तू माणसाच्या गळ्यात आली होती.

महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. आवारात वाहनाखाली सापडलेले कुत्रे एखादा शिपाई, एखादी विद्यार्थिनी किंवा ग्रंथालयातील कोणी महिना-दीड महिना सांभाळते. ते बरे झाले, की पूर्वी ते आवारातच राहत असे. नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानंतर त्याला बाहेर जागा शोधावी लागते. आवारातील मुलांची सुरक्षितता ही खरी बाब आहे, तिला कमी लेखता येत नाही. परंतु पन्नास कुत्र्यांच्या निवारागृहात मोडक्या पाठीचे कुत्रे ढकलणे म्हणजे १८३४ च्या पांजरापोळाकडे परत जाणे होय, तेही पांजरापोळाच्या आस्थेवाचून. प्रस्तुत लेखकाच्या मते अशा कुत्र्यासाठी सांभाळणाऱ्याचे घर हाच व्यवहार्य मार्ग उरतो, आणि तालुका पातळीवर त्याला औषधांचे, लसीचे व वाहनाचे साहाय्य मिळणे आवश्यक आहे.

इतिहास विभागांना येथे करण्याजोगे काम पुष्कळ आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यांतील जुन्या नोंदवह्या, वनविभागाचे पंचनामे आणि वस्त्यांवरील वृद्धांच्या आठवणी यांतून कुत्र्यांच्या जखमांचा मागोवा घेता येईल. दवाखान्याच्या केसपेपरवर रुग्ण प्राण्याबरोबर पशुपालकाचे नाव लिहावे लागते. मोकाट कुत्र्याला पोत्यात घालून जो कोणी तेथे आणतो, तो ‘हे माझे नाही’ असे सांगून पाहतो आणि अखेर स्वतःचेच नाव लिहून देतो. या नोंदवह्यांचे वाचन तेथून सुरू करता येईल.